उपासनेतील पेटीवादन आणि उपज

खानदेशातील बहुतेक मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेची साथ हातपेटीवर किंवा कीबोर्डवर होते, आणि गीतांच्या चाली पाठ असल्या की आपली तयारी झाली, असे साथ करणाऱ्या तरुणाला वाटते. प्रत्यक्षात गीत वाजवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. अर्पणाची थैली मागच्या बाकापर्यंत पोहोचायची असते, प्रभुभोजनाची रांग लांबते, पाळक शास्त्रपाठाचे पान काढत असतात. हे मधले क्षण कोणत्याही छापील पुस्तकातून भरता येत नाहीत, तेथे उपजच, म्हणजे वाजवता वाजवता सुचेल ते रचणेच, लागते. ही उपज त्या दिवशीच्या गीतातूनच काढावी आणि तिची लांबी उपासनेच्या क्रमाने ठरवावी, या दोन नियमांवर पुढील सर्व सूचना आधारलेल्या आहेत.

शनिवारी संध्याकाळपर्यंत पाळकांकडून ‘उपासना संगीत’मधील गीतांचे क्रमांक, गायची कडवी आणि शास्त्रपाठ लिहून घ्यावेत. ऐनवेळी क्रमांक सांगणारे पाळकही असतात. त्यांना आदराने पण दर आठवड्याला न चुकता विचारत राहावे, म्हणजे सवय लागते. त्यानंतर प्रत्येक गीताची पट्टी, म्हणजे षड्ज कोठे धरायचा ते, ठरवावी. अनेक वादक येथे स्वतःच्या गळ्याची सोय पाहतात, पण मंडळीत संडे स्कूलच्या मुलांपासून ऐंशीच्या आजींपर्यंत सर्वांना गायचे असते. म्हणून गीतातील सर्वांत वरचा स्वर मधल्या सप्तकानंतरच्या पांढरी दोनच्या, म्हणजे तेथील दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या, वर जाऊ देऊ नये. पुरुष तेच स्वर आपोआप एक सप्तक खाली गातात. चाल तार षड्जापर्यंत चढत असेल, तर षड्ज पांढरी एक किंवा काळी एक येथे ठेवावा. चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच फिरत असेल, तर पांढरी पाच सोयीची पडते. सकाळच्या पहिल्या गीताला गळे तापलेले नसतात, तेव्हा अर्धा स्वर खाली धरल्यास कोणाची तक्रार येत नाही.

गीताची सुरुवात करून देताना त्याची शेवटची ओळ वाजवावी, आणि ती ज्या लयीत गाणे अपेक्षित आहे त्याच लयीत वाजवावी. हळू सुरुवात करून नंतर लय वाढवणारा वादक मंडळीला पहिल्या कडव्यात गोंधळात टाकतो. दोन कडव्यांच्या मधला विराम प्रत्येक वेळी तितक्याच मात्रांचा असावा, कारण लोक वादकाकडे पाहून गात नाहीत. विरामाची लांबी त्यांच्या अंगात बसते आणि पुढचे कडवे ते एकत्र उचलतात.

आता उपजेकडे वळू. समजा, अर्पणानंतर ‘अमेझिंग ग्रेस’ची चाल गायची आहे. तिच्या पहिल्या ओळीतील हरकती बाजूला ठेवल्या, तर मंद्र पंचम, षड्ज, गंधार, ऋषभ, षड्ज, मंद्र धैवत, मंद्र पंचम एवढेच स्वर उरतात, आणि पूर्ण चालीतही भूप रागाचे पाच स्वर सोडून दुसरा स्वर लागत नाही. अर्पणाच्या वेळी सुरुवातीला फक्त षड्ज, गंधार, ऋषभ हा तुकडा तीन मात्रांच्या झोक्यात वाजवून थांबावे. तोच तुकडा पंचमापासून पंचम, तार षड्ज, धैवत असा घ्यावा. आकार ओळखीचा राहतो आणि जागा बदलते. मग मूळ तुकडा दुप्पट लांब करावा, म्हणजे एका मात्रेच्या स्वराला दोन मात्रा द्याव्यात, आणि डाव्या बाजूला षड्ज-पंचम धरून ठेवावेत. एवढ्यावर अर्पणाचा सगळा वेळ निघतो. नवनवे स्वर शोधण्याचा मोह नवशिक्याला अनावर होतो. तो आवरून तीनच स्वरांशी खेळण्याचा रियाज आठवडाभर करावा. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, निघत नाही, म्हणून ख्यालगायकाच्या आलापाची नक्कल न करता कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागणारा शेजारचा स्वर) आणि थांबणे यांवर भर द्यावा.

चर्चमध्ये बसल्या बसल्या संगीत रचण्याची परंपरा युरोपात फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या शेजारून जातो. ऑलिव्हिए मेसियाँ हे 1931पासून 1992मध्ये मृत्यू होईपर्यंत पॅरिसमधील त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते आणि तेथील उपासनांत ते उपज करीत. त्यांनी आपल्या रचनांमध्ये ज्या देशी तालांचा उपयोग केला, ते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथातील आहेत, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की देवगिरी फार दूर नाही. तेव्हा चर्चमधील वाद्यावर आपला ताल वाजवणे अनुचित आहे, असे कोणी सांगितल्यास वादकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

लांबीचा प्रश्न मात्र स्वरांपेक्षा अवघड आहे. उपज केव्हा संपवायची हे वादक ठरवत नाही, त्यामुळे कोणत्याही क्षणी षड्जावर येण्याची वाट तयार ठेवावी. मध्यम, धैवत, निषाद अशा प्रत्येक स्वरापासून दोन आवर्तनांत घरी येणारा छोटा तुकडा घरी बसवून ठेवावा आणि पेटी अशी ठेवावी की मान न वळवता पाळक दिसतील. शेवटची थैली परत आली आणि पाळक उभे राहिले, की चालू तुकडा पुरा करून थांबावे. रंगलेल्या वादनासाठी अर्पणाची प्रार्थना खोळंबून ठेवणे, हा या कामातील सर्वांत मोठा अविनय आहे. तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, केलेला शेवट आनंदाच्या गीताआधी शोभतो, प्रभुभोजनात तो टाळ्या मागणारा वाटतो. प्रभुभोजनात आवाज कमी ठेवावा, भाता सावकाश चालवावा आणि अधूनमधून पूर्ण शांतता राहू द्यावी.

देशी चालींना वेगळी वागणूक द्यावी लागते. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या वळणाने लिहिलेली गीते आजही मंडळ्यांमध्ये गायली जातात, आणि कीबोर्डवाल्यांचा हात त्यांच्याखाली सवयीने कॉर्ड दाबू लागतो. रागात बांधलेल्या चालीला दर दोन मात्रांनी बदलणारे कॉर्ड दिल्यास तिचा कोमल स्वर बोथट होतो. तेथे षड्ज-पंचमाचा आधार आणि गायकामागून जाणारी साथ पुरेशी असते. नवापूरच्या बाजूला मावची बोलीत, तर तापीकाठच्या गावांत अहिराणी चालीवर गायले जाते, तेव्हा ढोल किंवा ढोलकीने लय धरू द्यावी आणि पेटीने मागे राहावे.

उपासनेच्या वर्षाप्रमाणे रंग बदलावा. कॅथोलिक चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाच्या साथीपुरती वाजवायची असतात, त्या काळातील चौथा रविवार आणि मोठे सण एवढेच अपवाद. इतर मंडळ्यांत असा नियम नसला, तरी त्या आठवड्यांत उपज कमी करणे योग्य दिसते, कारण ईस्टरच्या सकाळी पेटी पूर्ण आवाजात उघडल्याचा परिणाम त्यामुळेच होतो. शुभ शुक्रवारी जोगिया राग घेता येतो: आरोहात सा, कोमल रे, म, प, कोमल ध, तार सा. मात्र त्या दिवशी चार ओळींपेक्षा अधिक काही वाजवू नये, असे माझे मत आहे.

कीबोर्ड आणि पेटी एकत्र वाजणार असतील, तर पेटीचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत, म्हणून कीबोर्डची ट्यूनिंगच पेटीशी जुळवावी. पट्टी बदलणारे ट्रान्सपोजचे बटण गीत संपताच शून्यावर आणावे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसते आणि पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. त्यामुळे पेटी खिडकीखाली ठेवू नये, आणि एखादा सूर धुळीने बसला तर झाकण काढून तो मऊ ब्रशने हलकेच साफ करावा, पिनेने टोचू नये. वीज गेली की कीबोर्ड मुका होतो, म्हणून हातपेटी दर रविवारी जवळच, भाता मोकळा करून ठेवावी.