कुत्र्याची ओळखखूण : या चुका टाळा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमची राणी सिंहगड रस्त्यावरच्या घरातून पळाली. सुतळी बॉम्ब वाजला, दार उघडं होतं आणि गळा मोकळा. दुपारी अंघोळ घालून पट्टा वाळत टाकला होता. तिसऱ्या दिवशी ती मुठेच्या पात्रालगत सापडली. म्हणून पहिली चूक तीच सांगते : पट्टा काढून ठेवू नका. दिवाळीत आणि विसर्जनाच्या दिवसांत तर नाहीच. धुवायचा असेल तर दुसरा आधी घाला.

बिल्ल्यावर नुसतं कुत्र्याचं नाव घालू नका. ज्याला कुत्रं सापडतं त्याला नाव कळून काय उपयोग? त्याला मोबाइल नंबर हवा, शक्यतो घरातल्या दोघांचे. मार्करने लिहिलेला नंबर पावसाळ्यात पुसला जातो, कोरूनच घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून सैल नको. घाबरलेलं कुत्रं मागे रेटून डोकं सोडवून घेतं.

चिप बसवली की काम संपलं, हा गैरसमज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली असते. तिला बॅटरी नसते, त्यामुळे कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की 15 अंकी क्रमांक दिसतो, बस. तुमचं नाव, पत्ता त्यात नसतो. तो क्रमांक ज्या नोंदीत आहे तिथे अजून ब्रीडरचाच फोन असेल, तर फोन ब्रीडरला जाईल. पिल्लू घरी आणल्यावर, घर बदलल्यावर, नंबर बदलल्यावर ती नोंद बदलून घ्या. क्रमांकाचं स्टिकर लसीच्या कार्डावर लावा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

स्कॅनर काहीच दाखवत नसेल तर लगेच चिप नाही असं धरू नका. धातूची साखळी काढून डॉक्टरांना पुन्हा बघायला सांगा. चिप कधी कधी सरकते. खांदे, मान, छाती, पुढच्या पायांचा वरचा भाग असा सावकाश स्कॅनर फिरवायला हवा. जुना स्कॅनर सगळ्या चिपा वाचेलच असंही नाही. दरवर्षी रेबीजच्या लशीला जाल तेव्हा एकदा स्कॅन करून घ्या. नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्यांनी क्रम नीट पाळावा : युरोपीय संघात आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं झालं तर लस पुन्हा घ्यावी लागते.

रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या देशी कुत्र्यांची काळजी मला जास्त वाटते. त्यांच्यातल्या अनेकांच्या कानाला खाच असते. ती खूण नसबंदीची आहे, मालकीची नाही. पट्टा नसला की लोक ते भटकं समजून पुढे जातात. कुणी मदत करायची असूनही करत नाही, कारण ते हरवलंय हेच कळत नाही. अशा कुत्र्याला पट्टाही हवा, चिपही हवी. घरीच कान कापणं, डाग देणं असले उपाय मात्र चुकूनही करू नका. विनाकारण वेदना देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 खाली गुन्हा आहे.

महापालिकेचा श्वान परवाना काढा आणि नूतनीकरण चुकवू नका. तो रेबीजच्या लशीच्या दाखल्याशी जोडलेला असतो, म्हणजे दोन्ही कागद एकत्रच तयार राहतात. हे कागद चोरीच्या तक्रारीतही कामाला येतात. कुत्रं पळवणं ही कायद्याने चोरीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये तर उदाहरणच आहे : खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचं कुत्रं मागे यायला लावलं, तर ते मागे चालू लागताच चोरी झाली.

पोलिसांत गेल्यावर गोड चेहऱ्याचा फोटो पुरत नाही. दोन्ही कुशींचे, शेपटीच्या टोकाचे आणि पंजांचे फोटो काढून ठेवा. राणीच्या डाव्या मागच्या पायाला पांढरा मोजा आहे. त्यावरूनच नदीकाठच्या भाजीवाल्या मावशींनी तिला ओळखलं.