हातातला जुना व्हिडिओ गेम : आधी कार्ड, मग खेळ

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून फिरताना मोबाईलच्या दुकानांत हल्ली तळहाताएवढे व्हिडिओ गेम काचेमागे मांडलेले दिसतात. ज्यांचे बालपण टीव्हीला जोडायच्या डब्यात पिवळी कॅसेट खोचण्यात आणि ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारण्यात गेले, त्यांचे पाय तिथे अडखळतात. यंत्र घरी येते, आठवडाभर घरातली सगळी माणसे ते आळीपाळीने खेळतात, आणि दोन-तीन महिन्यांनी एके दिवशी ते सुरूच होत नाही म्हणून टीव्हीखालच्या खणात जाऊन पडते. नातेवाइकांच्या खणांतून बाहेर काढलेली अशी यंत्रे मी बरीच हाताळली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा बिघाड एकाच जागी सापडला : यंत्रासोबत आलेल्या मेमरी कार्डात. त्यामुळे पुढच्या मजकुराचा मोठा वाटा त्या नखाएवढ्या कार्डाने अडवला, तर वाचकांनी नवल मानू नये.

आपल्या हातात कोणत्या जातीचे यंत्र आहे, हे सर्वप्रथम ओळखावे. ‘चारशे गेम एकात’ अशी पाटी असलेल्या स्वस्त खेळण्यात गेम आतल्या चिपमध्येच कायमचे भरलेले असतात, त्यात कार्ड नसते आणि जुळवाजुळवही काही नसते. त्याची बॅटरी जुन्या नोकिया फोनच्या बीएल-५सी प्रकारची असते आणि ती बदलणे पाच मिनिटांचे काम आहे. या लेखाचा विषय आहे तो दुसऱ्या जातीचा, म्हणजे अ‍ॅनबर्निकचे आरजी३५एक्सएक्स किंवा मियूचे मिनी प्लस यांसारखी यंत्रे. हे प्रत्यक्षात विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालणारे छोटे संगणकच आहेत. गेम बॉय, प्लेस्टेशन अशा जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रणाली, ज्यांना एम्युलेटर म्हणतात, त्या यांत चालतात. आरजी३५एक्सएक्समध्ये कार्डाचे दोन स्लॉट असून पहिल्यात यंत्र चालवणारी प्रणाली आणि दुसऱ्यात गेम ठेवता येतात, तर मिनी प्लसमध्ये एकाच कार्डावर सगळा संसार असतो.

यंत्र चार्ज करताना अनेक जण पहिल्याच पायरीवर अडतात. आजकालच्या फोनसोबत येणारा, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेला चार्जर लावला, तर यातली काही यंत्रे मुळीच चार्ज होत नाहीत आणि नवे यंत्र मृत निघाले असे समजून माणूस दुकानात भांडायला जातो. टाइप-सी चार्जर समोरच्या यंत्रातल्या एका छोट्या रेझिस्टरवरून त्याची ओळख पटवतो आणि ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही. खर्च वाचवण्यासाठी काही यंत्रांत तो रेझिस्टरच बसवलेला नसतो. उपाय सोपा आहे : घरातला जुना, चपट्या यूएसबी तोंडाचा पाच व्होल्टचा चार्जर आणि त्याची केबल वापरावी.

आता कार्डाकडे वळू. यंत्रासोबत मिळणारे कार्ड बहुधा अनामिक कंपनीचे असते, त्यावरची छपाई बोटाने घासली तरी पुसट होते, आणि त्याच्या आयुष्याचा काही भरवसा नसतो. माझ्या पहिल्या यंत्राचे कार्ड तिसऱ्या महिन्यात गेले. शनिवारी रात्री व्यवस्थित बंद केलेले यंत्र रविवारी सकाळी सुरू केले, तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी येऊन ते तिथेच थबकले. विक्रेत्याने कार्डावर हमी नसते असे सांगून हात वर केले, आणि खरे सांगायचे तर पावतीवर तसे छापलेलेही होते. तेव्हापासून माझा नियम असा, की यंत्र घरी आले की एकदाच सुरू करून पडदा, सगळी बटणे आणि आवाज तपासून घ्यावा आणि पहिला गेम रंगण्याआधीच कार्ड बदलावे.

नवे कार्ड ओळखीच्या कंपनीचे आणि बिलासहित घ्यावे. क्षमता किती असावी, याबद्दल उगाच हाव धरू नये. जुने गेम आकाराने फारच लहान असतात : १९८५ सालचा पहिला सुपर मारिओ ब्रदर्स सुमारे ४० केबीचा आहे, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटी साधारणपणे ३२ एमबीच्या आत बसतात, आणि फक्त प्लेस्टेशनच्या एका सीडीला सहा-सातशे एमबीपर्यंत जागा लागू शकते. ६४ जीबीचे कार्ड बहुतेकांना जन्मभर पुरेल. नकली कार्डे बाजारात भरपूर आहेत. त्यांच्यावर ६४ लिहिलेले असते आणि संगणकही ६४ दाखवतो, पण आत जागा आठचीच असते व त्यापुढे भरलेला मजकूर निमूटपणे नाहीसा होतो. म्हणून विंडोज संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू ही मोफत प्रणाली चालवून पाहावी. ती कार्ड काठोकाठ भरते, परत वाचते आणि दोन्हींचा ताळा घेते. याला दीड-दोन तास सहज लागतात, पण ते सत्कारणी लागतात.

पुढे जुन्या कार्डाची नक्कल काढून ठेवावी. कार्ड रीडरमध्ये ते घातल्याबरोबर विंडोज एक चौकट पुढे करते : डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का? हिला शांतपणे नकार द्यावा, आणि एकामागून एक तीन-चार चौकटी आल्या तरी प्रत्येक वेळी नकारच द्यावा. कार्डावरचे काही विभाग लिनक्सच्या पद्धतीचे असल्यामुळे विंडोजला ते वाचता येत नाहीत आणि ते कार्ड कोरे किंवा बिघडलेले आहे असे समजते, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. घाईत होकार देऊन चांगली कार्डे पुसून बसलेली शहाणी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांत एकदा मीही होतो. चौकटी बंद झाल्या की विन३२ डिस्क इमेजर या प्रणालीत नव्या फाइलचे नाव देऊन ‘रीड’ हे बटण दाबावे. ‘राइट’ हे बटण शेजारीच असते आणि त्याचे काम नेमके उलटे असते, म्हणून दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे. संपूर्ण कार्डाएवढी एक फाइल संगणकावर तयार होईल. हीच आपली विमा पॉलिसी.

नव्या कार्डावर तीच फाइल उतरवता येते. मात्र मी सुचवेन की मूळ प्रणालीऐवजी हौशी मंडळींनी बनवलेली सुधारित प्रणाली घ्यावी. मिनी प्लससाठी ओनियन, मूळ आरजी३५एक्सएक्ससाठी गार्लिक आणि त्यानंतरच्या प्लस किंवा एच या भावंडांसाठी म्यूओएस या प्रणाली मोफत मिळतात. कांद्याच्या जिल्ह्यातल्या माणसाला ओनियन हे नाव आवडले तर ते साहजिकच आहे, पण माझी शिफारस तिच्या गुणांवरून आहे : यंत्र बंद केले की ती खेळ जिथल्या तिथे जतन करते आणि पुन्हा सुरू केल्यावर तिथूनच पुढे नेते. गार्लिक आणि म्यूओएस यांच्या फाइली बॅलेना एचर किंवा रूफस या संगणकावरच्या प्रणालीने कार्डावर थेट उतरवाव्या लागतात. ओनियनसाठी कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून फाइली नुसत्या कॉपी केल्या की भागते. ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डाला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट चौकटीत फॅट३२ हा पर्याय अनेकदा दिसत नाही. तेव्हाही रूफसच कामी येते. प्रणाली आपल्या यंत्राच्या नेमक्या मॉडेलचीच असल्याची खात्री करावी, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांच्या चिप वेगवेगळ्या असतात.

गेम भरणे हे त्या मानाने किरकोळ काम आहे. कार्डावरच्या ‘रोम्स’ या फोल्डरात प्रत्येक जुन्या यंत्राच्या नावाचा एकेक फोल्डर असतो आणि ज्याची फाइल त्याच्या घरात ठेवावी. प्लेस्टेशनसाठी मूळ यंत्राची बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारी ५१२ केबीची फाइलही काही वेळा लागते, पण या छोट्या यंत्रांत सहसा वापरल्या जाणाऱ्या एम्युलेटरमध्ये तिचा पर्याय अंगभूत असतो आणि बरेच गेम त्यावर चालतात.

कायद्याची बाजू मात्र किरकोळ समजू नये. यंत्रासोबत हजारो गेम भरून मिळतात, त्यांच्या हक्कांचे पैसे मूळ कंपन्यांना कोणी दिलेले नसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, संगणक प्रणालीची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला ती हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून तिची नक्कल काढता येते. दुसऱ्याने काढलेली नक्कल उतरवून घेण्याची मुभा त्यात नाही. माळ्यावरची पिवळी कॅसेट दाखवून इथे सुटका होत नाही, कारण आपल्या लहानपणीच्या त्या कॅसेटीच मुळात नकली होत्या. निर्मळ मार्ग हवा असेल, तर आजचे हौशी निर्माते जुन्या यंत्रांसाठी नवे गेम बनवून मोफत किंवा थोड्या पैशांत देतात. गेम बॉयसाठीचा टोबू टोबू गर्ल हा त्यांतला एक, आणि आपले मांजर वाचवायला आभाळात उड्या मारणाऱ्या त्या मुलीने आमच्या घरी मोठ्यांनाही वेड लावले होते.

आता पडदा. आरजी३५एक्सएक्स आणि मिनी प्लस या दोन्ही यंत्रांचा पडदा साडेतीन इंचांचा आणि ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आहे. १९८९ च्या गेम बॉयचे चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचे असे. ते बरोबर तिप्पट केले तर ४८० बाय ४३२ होते, भोवती काळी चौकट उरते, पण प्रत्येक ठिपका चौकोनी आणि रेखीव दिसतो. पडदा पूर्ण भरावा म्हणून ते ताणले, तर काही ठिपके तीन घरांचे आणि काही चार घरांचे होतात. चित्र सरकू लागले की अक्षरांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या थरथरतात. म्हणून गेम बॉयसाठी मेनूमध्ये जाऊन ‘इंटिजर स्केलिंग’, म्हणजे चित्र पूर्ण पटीतच वाढवणे, चालू करावे. प्लेस्टेशनच्या बऱ्याच गेमचे चित्र ३२० बाय २४० असते, ते दुप्पट केले की पडदा काठोकाठ भरतो आणि काहीच करावे लागत नाही.

जुने गेम आता थोडे वेगाने पळतात, अशी तक्रार माझ्याच वयाच्या अनेकांकडून ऐकतो आणि त्यात वयाचा दोष फारसा नाही. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारे होते आणि त्यांच्याशी जुळणारे डबेही तसेच चालत. जपानी आणि अमेरिकी मूळ गेम ६० वेळांच्या हिशेबाने बनलेले आहेत. बालपणी आपण खेळलो तीच गती खरे तर संथ होती.

खेळ जतन करण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की अश्रू निघतात. गेममध्येच दिलेले जतन हे जुन्या कॅसेटीतल्या बटण-सेलवर टिकणाऱ्या नोंदीसारखे असते; त्याची छोटी फाइल कार्डावर बनते आणि ती उद्या दुसऱ्या यंत्रावर नेली तरी बहुधा चालते. एम्युलेटरचे ‘सेव्ह स्टेट’ हे त्या क्षणाचे संपूर्ण छायाचित्र असते. ते कुठेही काढता येते, पण एम्युलेटरची आवृत्ती बदलली तर उघडेलच असे नाही. पहिल्या प्रकारातली गोम अशी, की अनेक एम्युलेटर ती नोंद गेममधून बाहेर पडतानाच कार्डावर उतरवतात. इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेममध्ये रीतसर जतन केले, ‘जतन झाले’ असा संदेशही वाचला, आणि आईने जेवायला हाक मारल्यावर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र विझवले. दुसऱ्या दिवशी तो तीन दिवस मागे होता. “मामा, मी सेव्ह केलं होतं, आईशप्पथ!” असे तो फोनवर सांगत होता आणि ते खरेही होते. गेममधून मेनूत यावे, मेनूतून यंत्र बंद करावे आणि पॉवरचे बटण दाबून धरणे फक्त यंत्र गोठले तरच करावे. दुसरी गोम : जुने सेव्ह स्टेट उघडले की त्यासोबत जुनी नोंदही परत येते आणि नवी पुसली जाऊ शकते. त्यामुळे मोठ्या गेममध्ये दोन्ही प्रकार सरमिसळ वापरू नयेत, आणि महिन्यातून एकदा जतन केलेल्या फाइलींचा फोल्डर संगणकावर कॉपी करावा.

नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जाणाऱ्यांना हे यंत्र विशेष उपयोगी पडते. पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवला आणि वाय-फाय बंद केले, तर जातानाच्या प्रवासाला एक चार्जिंग पुरायला हरकत नाही. हेडफोन मात्र आठवणीने न्यावा. डब्यातल्या पत्त्यांच्या कंपूला आपल्या गेमचे संगीत आवडेलच असे नाही. कसारा घाटातल्या बोगद्यांत उजेड आणखी खाली आणता येतो, त्यासाठीची बटणांची जोडी आधीच पाठ करून ठेवावी.

उन्हाळ्यात यंत्र बंद गाडीत ठेवू नये, कारण तापलेली लिथियम बॅटरी फुगते आणि मागचे झाकण किंचित वर उचलले गेले तर यंत्र त्याच क्षणी वापरातून काढावे. महिना-दोन महिने खेळ होणार नसेल, तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी ठेवावी. मूळ कार्ड एका छोट्या पाकिटात घालावे, पाकिटावर यंत्राचे मॉडेल आणि तारीख लिहावी आणि ते यंत्राच्या खोक्यातच ठेवावे.