दिव्याच्या कंपनीची जबाबदारी ग्राहकाने कशी तपासावी?

दिव्यांच्या जाहिरातीत हिरवं पान हमखास असतं. वीज वाचते हे खरंच आहे. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून 36 कोटींहून जास्त एलईडी बल्ब घरोघरी गेले आणि भावही आवाक्यात आले. पण वीज वाचवणारा बल्ब विकला म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही. दिवा किती टिकतो आणि गेल्यावर त्याचं काय होतं, यावरच तिची पारख करावी. ती घरबसल्या करता येते.

सुरुवात खोक्यापासून करा. नुसते वॅट पाहू नका, ल्युमेन (म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचं माप) शोधा आणि त्याला वॅटने भागा. 9 वॅटचा बल्ब 900 ल्युमेन देत असेल, तर वॅटमागे 100 ल्युमेन. दोन ब्रँडची तुलना याच आकड्यावर करायची. बीईई या ऊर्जाबचतीच्या सरकारी संस्थेचं स्टार लेबल आणि बीआयएस या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहा. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव समोर येतं.

पुढचा प्रश्न दुकानदाराला विचारा: वॉरंटी किती, आणि बल्ब गेला तर बदलून कोण देणार? एलईडी बल्ब 'उडतो' तेव्हा आतल्या उजेड देणाऱ्या बहुतेक चिप शाबूत असतात. अनेकदा ड्रायव्हर, म्हणजे चिपना योग्य वीज पुरवणारं सर्किट, गेलेला असतो. उष्णतेने त्यातला कपॅसिटर हा वीज साठवणारा भाग फुगतो. कधी एकाच चिपवर काळा ठिपका दिसतो, पण चिप एकामागे एक जोडलेल्या असल्यामुळे तेवढ्यावर सगळा दिवा बंद पडतो. घरगुती बल्बचा घुमट चिकटवलेला असल्याने दुरुस्ती अवघड जाते. म्हणून सोसायटीच्या पार्किंगसाठी किंवा गावातल्या रस्त्यांसाठी दिवे घेताना ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का आणि तो सुटा मिळेल का, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. आयुष्याचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. 1924 मध्ये जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात संगनमत करून बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं होतं, आणि ज्याचे बल्ब जास्त टिकतील त्याला दंड होता!

आता माळ्यावरच्या जुन्या ट्यूब आणि सीएफएल. यांत पारा असतो. त्या कचराकुंडीत फेकू नका आणि जागा वाचवायला फोडू तर मुळीच नका. भारतात 2016 च्या ई-कचरा नियमांपासून पाऱ्याचे दिवे उत्पादकाच्या जबाबदारीत आले आहेत. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून एवढंच विचारा: 'आमच्या शहरात गेलेल्या ट्यूब कुठे जमा करायच्या?' नेमका पत्ता मिळाला, तर कंपनी मनापासून काम करते आहे असं समजायला जागा आहे. तोवर ट्यूब मूळ पुठ्ठ्यात उभ्या ठेवा. एखादी फुटलीच तर पंखा आणि एसी बंद करून खिडक्या उघडा, दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग काचा जाड कागदाने गोळा करा, बारीक भुगा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, पारा आणखी पसरतो.

शेवटी वार्षिक अहवाल. बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने 'बीआरएसआर' हा जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. हॅवेल्स, क्रॉम्प्टन, बजाज इलेक्ट्रिकल्स अशा कंपन्यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शाळांना वाटलेल्या दिव्यांचे फोटो पाहून भारावून जाऊ नका. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, असं 2013 चा कंपनी कायदाच सांगतो. बीआरएसआरमधल्या 'तत्त्व 2' या भागावर थेट या. वापर संपलेला माल परत घेण्याची व्यवस्था तिथे सांगावीच लागते. मात्र परत आलेल्यापैकी किती टन पुन्हा वापरलं आणि किती पुनर्चक्रित केलं, हा तक्ता ऐच्छिक आहे. तो जी कंपनी आकड्यांनिशी भरते तिला माझ्या लेखी जास्त गुण. सुरुवातीच्या भागात कायम आणि कंत्राटी कामगारांची संख्या असते, आणि तत्त्व 3 मध्ये कारखान्यातल्या अपघातांचा हिशेब, तेही वाचा. परत आलेल्या मालाचा तक्ता कोरा असेल, तर अहवालात दिलेल्या संपर्काच्या ई-मेलवर कारण विचारा आणि मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडून आकडे ताडून पाहा.