जुनी बाईक टूरिंगसाठी सजवायची की विकायची?

आधी चेसिस, म्हणजे सांगाडा बघा, मग खिसा. किनाऱ्यावरच्या गाडीचं इंजिन बरेचदा शेवटपर्यंत साथ देतं, सांगाडा आधी जातो. खारं वारं आतून खातं. सीट आणि टाकी उतरवून वेल्डिंगचे जोड, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, स्टँडची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचा. पापुद्रे सुटले, पत्रा दबला, तर विषय संपला. अशा गाडीवर नवा पैसा चढवू नका, कुणी कितीही भावुक होवो.

माझी दीडशे सीसीची गाडी रत्नागिरीतच उघड्यावर असते. सांगाडा ठणठणीत निघाला म्हणून ठेवली. पण मागे बायको आणि सामान घेऊन आंबा घाट चढवल्याशिवाय निर्णय घेतला नाही. चढावर तिसरा गिअर अजिबात ओढत नसेल, तर आधी क्लचप्लेट तपासा. निळा धूर दिसला तर इंजिनातली पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं समजा. तो खर्च आधीच धरा.

पैसे टायर, ब्रेक, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपचं तेल), चेन-स्प्रॉकेट यांत घाला. फॉगलाइट लावण्याआधी चार्जिंग तेवढं पुरतं का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, नाहीतर बॅटरी रोज बसेल. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर आरटीओतलं नोंदणीचं नूतनीकरणही हिशेबात घ्या. ते ५ वर्षांपुरतंच मिळतं.

बाजूच्या रुंद लोखंडी पेट्या मात्र नकोतच. जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाड्या खेटून लावतात, पेट्या कुणाच्या तरी गुडघ्याला लागतात.