मनीला घरातून घालवू नका, फक्त कामं वाटून घ्या

माझ्या नवऱ्याची किडनी बदलल्यावर जो तो म्हणायचा, मांजर कुणाला तरी देऊन टाका. आम्ही दिली नाही. प्रत्यारोपण, केमोथेरपी किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी घरातला प्राणी सोडायलाच हवा असं नसतं. त्याचं कुठलं काम कुणी करायचं, हे मात्र ठरवून टाका.

सगळ्यात महत्त्वाचा मांजराचा ट्रे. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडू शकतो, पण तो लगेच बाधत नाही. बाधण्याजोगा व्हायला त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तो रुग्णाने नाही. आमच्याकडे ते काम माझं. दुसरं कुणी नसेलच, तर हातमोजे घालून करा आणि नंतर साबणाने हात धुवा. बागेतल्या मातीलाही हाच नियम, तिथे बाहेरची मांजरं येऊन जातात. मनीला कच्चं मांस देऊ नका, उंदीर मारायला बाहेर सोडू नका.

ओरखड्यांची भीती सगळ्यांना असते, पिसवांकडे कुणी बघत नाही. बार्टोनेला हा जीवाणू पिसवांच्या विष्ठेत असतो आणि नखांवरून जखमेत उतरतो. त्यामुळे पशुवैद्यांकडून पिसवांचं औषध वेळच्या वेळी घ्याच.

कुत्र्याला जखम चाटू देऊ नका. प्लीहा (पाणथरी) काढलेल्यांनी तर मुळीच नाही: कुत्र्याच्या लाळेतल्या कॅप्नोसायटोफागा जीवाणूमुळे त्यांना जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. कुत्रा किंवा मांजर चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. आपल्या आजाराचं तिथे आधी सांगा, कारण अशा रुग्णाला रेबीजसाठी साध्या ओरखड्यावरही लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं.

नवा प्राणी आणायचाच असेल तर वर्षाच्या पुढचा, तब्येतीने चांगला आणा. लहान पिल्लांच्या जुलाबातून कॅम्पिलोबॅक्टर, क्रिप्टोस्पोरिडियम असे पोट बिघडवणारे जंतू येतात. कासव आणि कोंबडीची पिल्लं मात्र नकोतच, साल्मोनेला हा जीवाणू त्यांच्या अंगावरही असतो. माशांच्या टाकीत उघडा हात घालू नका. पक्ष्यांचा पिंजरा दुसऱ्याने, आणि आधी ओला करून साफ करावा, म्हणजे धूळ उडत नाही.

ताप आला किंवा बगलेत गाठ लागली, तर घरात कुठला प्राणी आहे आणि ओरखडा कधी उठला, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.