अ‍ॅक्शन कॉमेडीचा 'पार्ट 2' काढताय? या चुका टाळा

लातुरात औसा रोडला माझं एडिटिंगचं काम चालतं. लग्नाचे व्हिडिओ, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या क्लिपा आणि मधल्या वेळात यूट्यूबवाल्या पोरांच्या फिल्मा. पोरं बीडची असोत की परभणीची, पहिली अ‍ॅक्शन कॉमेडी जरा चालली की लगेच दुसऱ्या भागाचं फुटेज घेऊन दारात. आणि दुसरा भाग आपटतो. कारणं तीच ती. मुंबई आणि हॉलिवूडवालेही याच कारणांनी आपटतात, फक्त त्यांचा खर्च मोठा असतो. त्यामुळे एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे दर पोराला नव्यानं सांगायला नको.

मिटलेलं भांडण घेऊन पुढे जाणे

सगळ्यात मोठी चूक ही. पब्लिक ठोसे बघून हसत नाही. ठोसे चालू असताना दोघांचं आपसात जे काही जुंपलेलं असतं, त्याला हसतं. पहिल्या भागाच्या शेवटी ते भांडण मिटतं, गळाभेट होते, शिट्ट्या पडतात. मग दुसऱ्या भागात उरतात दोन चांगली माणसं आणि त्यांच्या हातचा मार खाणारा एक वाईट माणूस. त्यात हसायचं कशाला?

2010 चा 'दबंग' आठवा. चुलबुल पांडे छेदी सिंहला तुडवतो ते ठीकच, पण मजा होती ती घरात. सावत्र बाप, लाडावलेला सावत्र भाऊ मक्खी आणि मधे अडकलेली आई. भावाच्या लग्नाच्या मांडवात हा गडी स्वतःचंच लग्न उरकून घेतो! भाऊबंदकी काय असते हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळं असं काही पडद्यावर आलं की थिएटर उठतं. 2012 च्या दुसऱ्या भागात हेच कुटुंब कानपुरात गुण्यागोविंदानं नांदतंय. प्रकाश राजसारखा दणकट खलनायक आणला, गाणी आणली, पिक्चर चाललाही. पण घरातली ठिणगी विझली ती विझलीच.

'मेन इन ब्लॅक'चं आणखी वेगळं. 1997 च्या पहिल्या भागात म्हातारा एजंट 'के' शेवटी स्वतःची स्मृती पुसून घेतो आणि निवृत्त होतो. त्याचा शिकाऊ जोडीदार एजंट 'जे' त्याच्या जागी उभा राहतो, त्याला नवी जोडीदारीणही मिळते. 2002 च्या दुसऱ्या भागात त्यांना जुनीच जोडी परत हवी होती. मग त्या बाईला एका वाक्यात वाटेला लावलं आणि 'के' कुठल्याशा गावात पोस्ट सांभाळताना सापडला. आता गंमत बघा. जोवर 'के'ला काही आठवत नाही आणि कालचा शिकाऊ 'जे' त्याला शिकवतोय, तोवर पिक्चर जिवंत आहे. 'के'ची स्मृती परत आली, की पुन्हा पहिल्याच भागाची झेरॉक्स. 2012 च्या तिसऱ्या भागात त्यांनी 'जे'ला 1969 सालात पाठवलं, तिथं त्याची गाठ तरुण 'के'शी पडली, आणि जोडीत परत जान आली. तेच दोघं, पण एकमेकांशी नातं नवं.

आता आमच्याकडचा किस्सा. धारूरकडच्या पोरांची पहिली फिल्म पंचक्रोशीत तुफान चालली होती. दोन चुलतभाऊ, बांधावरून बोलणं बंद, आणि शेळ्या चोरणाऱ्या टोळीमागं दोघांना एकाच टमटममधून फिरावं लागतं. मारामारी आठवडी बाजारात, थोरल्याची आई माठ विकायला बसते तिथंच. माठ फुटला तर चोरापेक्षा आई जास्त मारणार, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो दर ठोशाआधी एक माठ उचलून बाजूला ठेवतो. धाकटा तोच माठ मुद्दाम परत मधे आणून ठेवतो. लोक लोळून हसले. 'रश अवर'च्या (1998) शेवटी जॅकी चॅन लढता लढता भल्या मोठ्या फुलदाण्या पडू नयेत म्हणून धावतो, तिथून उचललेलं होतं, पण माठामुळं ते आमचं झालं.

दुसऱ्या भागाचं फुटेज घेऊन आले तेव्हा मोबाइलवर आधी मला पोस्टरच दाखवलं. दोघं भाऊ गॉगल लावून काळ्या स्कॉर्पिओला टेकलेले. बांध? "तो मिटला ना दादा, पहिल्याच पार्टमधी." आई? "तिचा रोल न्हाई यात." गोव्याला जाऊन आले होते. समुद्रकिनाऱ्यावर ड्रोन उडवला, भाड्याचे बाउन्सर आणले, आणि दोघं खांद्याला खांदा लावून त्यांना हाणतायत. सगळं स्लो मोशनमध्ये.

"हसायचं कुठं आहे रे यात?" मी विचारलं.

"दादा, यावेळी अ‍ॅक्शन लेव्हल वाढवली."

टाइमलाइनवर सगळं पसरून बघितलं. अख्ख्या फुटेजमध्ये एकच हसायची जागा सापडली. धाकटा ऐटीत स्कॉर्पिओतून उतरतो, मुरमावर पाय घसरतो, पडतो, आणि थोरला हात द्यायच्या ऐवजी आधी गाडीला ओरखडा आला का ते बघतो. तो शॉट त्यांनी एनजी (नो गुड, म्हणजे वाया गेलेला) म्हणून बाजूला टाकला होता! म्हटलं, अरे, तुमचा दुसरा भाग हाच आहे. भाड्याची गाडी, डिपॉझिट थोरल्यानं भरलेलं, चालवणार धाकटा. झालं नवीन भांडण तयार. पोरांना पटलं नाही. गॉगलवाल्या शॉटला आधीच चिक्कार लाइक्स आले होते म्हणे. फिल्म आली, पहिल्या दिवशी लोकांनी बघितली, नंतर तिचं नावही कुणी काढलं नाही.

माझी सवय सांगतो. कुणी दुसरा भाग घेऊन आला की मी आधी वहीत दोन ओळी लिहून घेतो: पहिल्या भागात यांचं काय मिटलं, आणि आता नव्यानं काय बिघडलं. दुसरी ओळ कोरी राहिली तर मी एडिटिंगच्या टेबलावर बसत नाही, चहा पाजून परत पाठवतो.

हिरोची भीती काढून घेणे

पहिल्या भागात हिरो कशाला तरी घाबरत असतो. बापाला, बायकोला, सावकाराला, माठ फुटायला. दुसऱ्या भागात तो स्टार झालेला असतो, आणि स्टार कशालाच घाबरत नाही. दहा जण अंगावर आले तरी केस विस्कटत नाहीत. मग आपण फक्त वाट बघायची, कधी संपतं.

दुसरा भाग चांगला होतच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी 'ड्रंकन मास्टर 2' बघायला लावतो. पहिला 1978 चा, दुसरा थेट 1994 चा. जॅकी चॅन तेव्हा चाळिशीला टेकलेला आणि जगभर माहीत झालेला. तरी पिक्चरमध्ये तो बापासमोर चळाचळा कापतो. दारू पिऊन लढायचं नाही अशी बापाची सक्त ताकीद, सावत्र आई परस्पर लपवालपवी करते, आणि हा प्यायला की त्याचं भान सुटतं. चारचौघांत अब्रू जाते. शेवटी कारखान्यातल्या मारामारीत तो कारखान्यात वापरायचं अल्कोहोल पोटात ढकलतो, तेव्हा आपण हसतो आणि पोटात गोळाही येतो. कारण आता शत्रूपेक्षा याच्या पोटाचं काय होणार, ही धास्ती असते. त्या शेवटच्या मारामारीसाठी किती घाम गाळलाय ते बघा, आणि मग मला सांगा की तुमचा फाइट सीन एका दुपारी कसा काय उरकतो.

घाई हा रोगच झालाय. पहिला भाग धड एडिट झालेला नसतो आणि शेवटी पाटी टाकतात 'पार्ट 2 लवकरच'. अरे, लोकांना ठरवू दे की!

बाकीच्या चुका, भराभर

जागा बदलणे. 'बेव्हर्ली हिल्स कॉप'ची (1984) गंमत म्हणजे डेट्रॉइटचा फाटका पोलिस श्रीमंतांच्या वस्तीत जातो. 1994 च्या तिसऱ्या भागात त्याला करमणुकीच्या बागेत फिरवलं. तिथं सगळेच पाहुणे, मग हा वेगळा दिसणार कसा? तुमचं गोवाही तसंच.

गाजलेला डायलॉग परत म्हणणे. एकदा चालेल. तोही दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, आणि चुकीच्या वेळी.

खलनायक नुसता तगडा करणे. गोंधळलेला खलनायक जास्त उपयोगी पडतो.

पहिल्या भागातल्या प्रत्येक छोट्या पात्राला एकेक फाइट देणे. चहावाल्यानं चहाच द्यावा.

एआयकडून पटकथा लिहून आणणे. अशा आणलेल्या तिन्ही-चारही पटकथांत तस्करांची टोळी आणि एक पेनड्राइव्ह असतो. आमच्याकडं वाळूची भांडणं आहेत, पाण्याच्या टँकरची आहेत, उसाच्या तोडीची आहेत. पेनड्राइव्ह कशाला?

दर सेकंदाला कट मारणे. ज्याला मारामारी येत नाही तो असं झाकतो. मी आवाज बंद करून फाइट बघतो. कोण कुणाला, कुठून आणि कशानं मारतोय हे मुक्यानं कळलं नाही, तर ती परत कापतो. फुकटच्या 'ढिशूम'च्या आवाजांनी ते सुधरत नाही.

शूटिंग उरकलंच असेल तर सगळं गेलं असं नाही. पहिल्या भागातल्या आईला किंवा बापाला अर्ध्या दिवसासाठी बोलवा, फोनवरच्या चार शिव्या रेकॉर्ड करा आणि मोठ्या फाइटच्या मधोमध तो फोन वाजवा. बाउन्सरला एका हातानं धरून "हो आई, येतो आई" म्हणणारा हिरो बराच पिक्चर सावरून नेतो. माझ्याकडे येताना कॅमेऱ्याची सगळी मेमरी कार्डं आणा, एनजीसकट. आणि मे महिन्यात येऊ नका, लग्नं असतात.