बार मिट्झवा झाला की पोरगा गायब, त्याला सिनेगॉगमध्ये टिकवायचं कसं

आपल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांत बार मिट्झवाचं (तेरा पूर्ण झाले की पोरगा धर्माच्या हिशोबात मोठा होतो, त्या विधीचं) सगळं ठरलेलं असतं, तेरा पूर्ण व्हायच्या आधी पोराला हजानसाहेबांकडे (प्रार्थना चालवणाऱ्यांकडे) पिटाळायचं, पराशा (तोराहतला त्या आठवड्याचा भाग) पाठ करून घ्यायची, मग हॉल, सूट, बिर्याणी, फोटो, आणि पुढच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, पोरगा गायब. आणि वर आपणच म्हणायचं की आजकालच्या मुलांना धर्माचं काही पडलेलं नाही! अहो, एवढा थाटामाटात सेंडऑफ दिल्यावर तो परत कशाला येईल?

म्हणून पहिलं काम, बार मिट्झवा व्हायच्या आधीच पुढचं काम ठरवून टाका. दहा पुरुषांशिवाय मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारी संख्या) होत नाही आणि तेरा पूर्ण झालेला पोरगा त्यात अख्खा एक धरला जातो, अर्धा नाही. भारतात आपण उरलोय जेमतेम चार-पाच हजार, म्हणजे त्याची खरोखरच गरज आहे, उगाच चढवायला म्हणून सांगायचं नाहीये. पण नुसतं ‘ये, दहावा हो’ म्हटलं तर तो येऊन बाकावर जांभया देणार. बुधवारपर्यंत सांगा की या शनिवारी हेखाल (तोराहचं कपाट) तू उघडायचा, किंवा एवढे चार पासूक (श्लोक) तू वाचायचे. चाल व्हॉट्सअपवर व्हॉइस नोटने पाठवा, हिब्रू अडखळत असेल तर देवनागरीत लिहून द्या, आणि चुकलं तर तेबावरच्या (वाचनाच्या चौथऱ्यावरच्या) मोठ्यांपैकी एकानेच हळू सुधारायचं, मागून पाच काकांनी एकदम ओरडायचं नाही प्लीज.

मुलींचं काय, हा प्रश्न बहुतेक जण टाळतात. आपल्याकडे मिन्यानमध्ये मुली धरत नाहीत, मग बाट मिट्झवानंतर (मुलींच्या तशाच विधीनंतर) त्यांच्या वाट्याला येतं ते फक्त प्लेटा मांडणं. मी तरी असं करते की कीर्तन (आपल्या धर्मग्रंथातल्या कथा मराठीत गाऊन सांगायचं) त्यांच्याकडे द्यायचं. मराठी कीर्तनाची आपली परंपरा 1880 च्या आसपासची आहे आणि ती टिकवली बायकांनीच. आज्यांना कथा, चाली अजून येतात, रविवारी (शब्बाथला नको, फोन लागतो) मुलींना रेकॉर्डिंगला पाठवा आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांनाच उभं करा.

मलिदा (एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने करायचा गोड पोह्यांचा प्रसाद) तर अख्खा मुलांवर सोपवा, मुलं-मुली दोघांवर. पोहे भिजवणं, ओलं खोबरं खवणं, साखर-वेलची, सुकामेवा, फळं आणणं, सगळं. आणि करताना एक गंमत विचारा, खजुराची बराखा (खाण्याआधी म्हणायचं आशीर्वचन) वेगळी आणि केळ्याची वेगळी, असं का? बहुतेक सगळे गप्प. मग सांगायचं की खजूर हे झाडाचं फळ पण केळ धर्माच्या हिशोबात जमिनीचं, कारण केळीचं खोड दरवर्षी टिकणारं लाकूड नसतं. यावरून जी भांडणं सुरू होतात ना, मग पपई कशात, अननस कशात, ती तासभराच्या लेक्चरपेक्षा भारी असतात! मोठ्यांनी मध्ये पडून लगेच उत्तर देऊ नये, त्यांनाच हजानसाहेबांना विचारायला पाठवावं. एलियाहू हन्नावीचं गाणंही मग आपोआप जोरात म्हटलं जातं.

ट्रिप काढायची तर रिसॉर्टला नको, अलिबागला काढा, बोटीने मांडव्याला उतरून. प्रत्येकाने आपल्या आडनावाचं गाव नकाशावर शोधायचं: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर. जमेल त्याने तिथे जाऊन फोटो काढायचा. नवगावचं जुनं कब्रस्तान, अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग, रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग, आणि खंडाळ्याचा (घाटातला नाही, अलिबागजवळचा) तो खडक जिथे एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. मुंबईतल्या मुंबईत जायचं तर 1796 चं शाआर हारहामीम सिनेगॉग, तिथे सामाजी हसाजी दिवेकरांची गोष्ट सांगा, टिपूच्या कैदेतून सुटून आलेला माणूस सिनेगॉग बांधतो म्हटल्यावर कुठलाही पोरगा कान टवकारतो. जेवणखाण, तिकिटं, हिशोब मुलांकडेच द्या. थोडे पैसे इकडेतिकडे होतील, होऊ द्या.

इस्राएलमध्ये लोद, अश्दोद, दिमोनाला भावंडं असतीलच, त्यांच्याशी व्हिडिओ कॉल ठेवायचा तर वेळेचा फरक बघून ठेवा, उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन. ‘शेवटी इस्राएललाच जाणार, मग इथे कशाला’ असं मुलं म्हणतात, वाद घालू नका. जाईपर्यंत तर इथेच आहेत ना, तोपर्यंतचं काम द्या.

दहावी-बारावीला शनिवारचे क्लास असतात, तेव्हा ताणू नका. शुक्रवारी संध्याकाळी मनुकांचं शरबत आणि किद्दुश (त्या शरबतावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना) घरी होऊ दे, त्यात त्याला किद्दुश म्हणायला लावा, तेवढं पुरे. आणि वर्षभराने तो दारात दिसला की ‘काय रे, आज बरी वाट सापडली?’ हे वाक्य कोणीही, अगदी प्रेमानेसुद्धा, म्हणायचं नाही. हातात सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) द्यायचं आणि कुठलं पान चालू आहे ते दाखवायचं.